बंगालची हाक ऐकणारा शाहीर

सन १९३१-३२ च्या सुमाराची गोष्ट. वारणा आणि कृष्णा ह्या दोन नद्यांच्या मधल्या मुलखातील वाटेगाव नावाच्या खेड्यातून एक कुटुंब मुंबईच्या वाटेला लागले. आगगाडीच्या भाड्यापुरतेही पैसे गाठीला नव्हते. म्हणून वडील, आई आणि मुले पायीच निघाली. मुंबई साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर होती. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल ते खावे, रात्र पडेल तेथे पाठ टेकावी आणि पहाटे पुन्हा चालू लागावे, असा तो प्रवास होता. सह्याद्रीचा घाट उतरून कित्येक दिवसांनी ही मंडळी मुंबईस पोहोचली, तेव्हा त्यांतील तुकाराम नावाच्या मुलाचे वय तुमच्याइतकेच, म्हणजे अकरा-बारा वर्षांचे होते. भूक म्हणजे काय, हे त्याला कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही. हाच मुलगा पुढे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे ह्या नावाने महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव भाऊराव व आईचे वालुबाई. मांग समाजात जन्मलेल्या ह्या कुटुंबाची वस्ती गावकुसाबाहेर होती. इंग्रज सरकारने काही जातिजमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा एक कायदा केला होता, आणि त्याचा जाच ह्या समाजालाही भोगावा लागत असे. गावात चोरी कोणीही करो, चौकशीला प्रथम धरले जाई ते ह्यांनाच. ह्याच वस्तीत फकिरा नावाचा एक शूर पुरुष होऊन गेला. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडत असताना त्याने इंग्रजांचा खजिना लुटला व तो गोरगरिबांच्या कामी आणला. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी ह्याच फकिराने बाळंतिणीच्या खर्चासाठी ओंजळभर रुपये वालुबाईंच्या पदरात टाकले होते, असे अण्णाभाऊंच्या घरी सांगत असत. ही गोष्ट ऐकतच ते वाढले. पुढे आपल्या एका कादंबरीत त्यांनी तिचे ऋण फेडले. त्याविषयी मागाहून सांगेन.

शाळेविषयी मात्र सांगण्यासारखे फार थोडे आहे. अण्णाभाऊ शाळेत गेले ते अवघे दीड दिवस. तेथे त्यांना जी वागणूक मिळाली ती त्यांच्या स्वाभिमानी मनाला सोसली नाही, आणि ते शाळा सोडून निघून गेले ते कायमचेच. ज्याने आपले सारे आयुष्य शाळेत घालवले, अशा माझ्यासारख्या माणसाला ही हकिकत लिहिताना संकोच वाटतो. परंतु जे घडले ते लपवून कोणाचे हित होणार?

मुंबईत वडिलांना माळीकाम मिळाले. मुलालाही हातपाय हलवल्यावाचून गत्यंतर नव्हते. अण्णाभाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याच्या मागून ओझी वाहिली, कोळसा उचलला, गिरणीत काम केले. रस्त्यांतून हिंडताना दुकानांवरील पाट्या आणि सिनेमांच्या जाहिराती त्यांच्या दृष्टीस पडत. तीच त्यांची बाराखडी झाली. एकेक अक्षर ओळखत, जोडत, विचारत ते वाचू लागले, आणि मग वाचनाची त्यांना अशी गोडी लागली की मिळेल ते पुस्तक ते अधाशासारखे वाचून काढीत. माटुंग्याच्या लेबर कॅम्प ह्या मजूर वस्तीत त्यांची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी ओळख झाली. त्या वस्तीत डासांचा फार उपद्रव होता. अण्णाभाऊंनी त्या डासांवरच एक गाणे रचले. ऐकणाऱ्यांना हसू आले, आणि त्याच वेळी आपल्या वस्तीतील घाणीकडे कोणीच कसे लक्ष देत नाही, हेही ध्यानात आले. दूरच्या राजाराणीची गोष्ट न सांगता ऐकणाऱ्याच्याच आयुष्यातील गोष्ट त्याच्यापुढे मांडायची, ही अण्णाभाऊंची पद्धत ह्या पहिल्या गाण्यातच दिसते.

अशात १९४३ साल उजाडले.

बंगाल प्रांतावर त्या वर्षी जे संकट कोसळले, त्यासारखे संकट आपल्या देशाने विसाव्या शतकात क्वचितच पाहिले असेल. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून बंगालात येणारा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झाले व उभी पिके नासली. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याकडील हजारो नावा काढून घेतल्या किंवा मोडून टाकल्या. ज्या मुलखात नदी हाच रस्ता आणि नाव हीच बैलगाडी, तेथे नावा गेल्यावर धान्याची ने-आण कशी व्हावी? व्यापाऱ्यांनी कोठारे भरून ठेवली. तांदळाचे भाव कित्येक पटींनी चढले. लष्करासाठी आणि शहरासाठी धान्य पुरवले जात होते. पण भूमिहीन मजूर, कोळी, कुंभार ह्यांच्या घरी चूल पेटेना. तेव्हा तांदूळ अजिबात नव्हता असे नाही. गरिबाला तो विकत घेता येत नव्हता, आणि त्याच्यापर्यंत तो पोहोचवण्याची तळमळ राज्यकर्त्यांना नव्हती. खेडोपाडीची माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडली. भात मागण्याची आशा त्यांनी सोडली होती; भात शिजल्यावर ओतून टाकतात ते पाणी तरी द्या, असे म्हणत ती दारोदार फिरत. ह्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे तीस लाख माणसे दगावली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

एवढे मोठे संकट असूनही ते पुष्कळ दिवस देशाच्या इतर भागांत नीटसे कळलेच नाही. युद्धकाळ म्हणून बातम्यांवर सरकारचा पहारा होता. चित्तप्रसाद नावाच्या तरुण चित्रकाराने मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून उपाशी माणसांची चित्रे काढली, त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या आणि त्यांचे एक पुस्तक छापले. सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. छापलेले पुस्तक असे पेटीत घालून नेता येते. परंतु माणसाच्या तोंडातील गाणे आणि डोळ्यांपुढील नाटक कोणत्या पेटीत घालणार?

कलावंतांनी हाच मार्ग धरला. मे १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला होता. इप्टा ह्या आद्याक्षरी नावानेच ही संस्था पुढे अधिक ओळखली गेली. तिच्या बंगाली शाखेतील बिजन भट्टाचार्य ह्यांनी दुष्काळग्रस्तांचे बोलणे कलकत्त्याच्या बागांत व रस्त्यांवर आपल्या कानांनी ऐकले होते. त्यांनी आधी ‘जबानबंदी’ नावाची एकांकिका लिहिली. जबानबंदी म्हणजे जबानी, म्हणजे साक्षीदाराने दिलेली साक्ष. नंतर १९४४ मध्ये ‘नबान्न’ हे त्यांचे नाटक रंगभूमीवर आले. आपल्याकडे नवे भात घरी आल्यावर नवान्न करतात, तोच हा सण. ज्यांच्या घरी नवान्न होऊ शकले नाही अशा शेतकऱ्यांची ती कहाणी होती. बिनय राय ह्यांच्या नेतृत्वाखाली बंगालमधील गायक-कलावंतांचे एक पथक गाणी आणि नाट्यप्रवेश घेऊन देशभर हिंडले व मुंबईसही आले. उपाशी माणसांसाठी पैसा आणि धान्य गोळा करणे हा तर त्यांचा हेतू होताच. पण त्याहूनही, जे घडत आहे ते लोकांना कळावे, ही त्यांची ओढ होती.

हे सारे मुंबईतील कामगारांपर्यंत पोहोचायचे, तर ते मराठीतून पोहोचायला हवे होते. गिरणगावातील कितीतरी माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. सातारा, सांगली, कोकण अशा मुलखांतून पोटासाठी आलेल्या त्या माणसांना बंगाल म्हणजे नकाशावरील एखादे टोकसुद्धा ठाऊक नव्हते. त्यांच्याशी बोलणार कोण? पायी मुंबईस आलेला तो मुलगा आता तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण झाला होता. त्याने ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला.

पोवाडा हा आपल्याकडील फार जुना गीतप्रकार आहे. शाहीर डफावर थाप मारून उभा राहतो, मागे तुणतुणे वाजते, आणि त्याने उच्चारलेल्या ओळींचा शेवट झिलकरी उचलून धरतात. शिवछत्रपतींचे आणि पेशवाईतील वीरांचे पराक्रम सांगण्यासाठी हा प्रकार शेकडो वर्षे वापरला गेला. लढाई, तलवार, विजय हेच त्याचे विषय. त्या पोवाड्यात अण्णाभाऊंनी उपाशी माणसाला आणून उभे केले. माझ्या मते ही केवळ नवी रचना नव्हती. दूरच्या प्रांतातील शेतमजूर हा आपला भाऊ आहे आणि त्याचे मरण ही आपल्या घरची गोष्ट आहे, असे मराठी कामगाराला वाटावे, एवढी धग त्या गाण्यात होती. अण्णाभाऊंनी बंगालचा दुष्काळ स्वतः भोगलेला नव्हता. परंतु रिकाम्या पोटी कोस कोस चालणे काय असते, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर ह्या तिघांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अमर शेख बार्शीचे. त्यांचा आवाज असा बुलंद की ध्वनिक्षेपकावाचून हजारो लोकांना ऐकू जावा. अण्णाभाऊंची लेखणी, अमर शेखांचा गळा आणि गवाणकरांची साथ ह्यांमुळे ह्या कलापथकाचे नाव थोड्याच काळात सर्वत्र झाले.

कलापथक ज्या लोकांसाठी होते ते कोण, हे पाहायचे तर आपल्या ठाणे जिल्ह्याकडे वळावे लागेल. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड आणि आंबिवली ही स्थानके मागे टाकून टिटवाळ्यास येते. आज तेथे महागणपतीच्या दर्शनासाठी येणाऱ्यांची दाटी असते. ह्याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची एक मोठी परिषद भरली होती. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांनी तिच्यासाठी गावोगाव हिंडून प्रचार केला होता. डहाणू आणि उंबरगावच्या बाजूचे काही वारलीही तेथे आले. सावकार व जमीनदार त्यांना वेठीला धरीत. लग्नासाठी थोडेसे कर्ज काढले, की नवरा-बायको दोघांनाही जन्मभर सावकाराच्या घरी राबावे लागे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. असल्या अन्यायाविरुद्ध हजारो माणसे एकत्र येऊन बोलतात, हे त्या वारल्यांनी प्रथमच पाहिले, आणि परत गेल्यावर वेठबिगारीविरुद्धचा त्यांचा प्रसिद्ध लढा सुरू झाला. (त्या काळी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. पुढे १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि २०१४ मध्ये डहाणू नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले.)

अशा शेतकऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी अण्णाभाऊंनी ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ असे वग लिहिले. हे तमाशाच्या वळणाचे असत. तमाशात आरंभी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, म्हणजे कृष्ण व गवळणींचा थट्टेचा प्रवेश. नंतर बतावणी आणि शेवटी वग, असा क्रम असतो. अण्णाभाऊंनी गणामध्ये मातृभूमीला, श्रमणाऱ्या माणसाला आणि हुतात्म्यांना वंदन करण्याची प्रथा पाडली आणि गौळण गाळली. वगातील राजा आणि प्रधान जाऊन त्यांच्या जागी गावचा सावकार व त्याने नाडलेला शेतकरी आला. प्रेक्षकांत बसलेल्या शेतकऱ्याने मान वर करून पाहावे, तो समोर तोच उभा! त्याचेच कर्ज, त्याचाच अंगठा, त्याचीच फजिती. आणि शेवटी सावकारावर मात करणारी अक्कलही त्याचीच. लोक पोट धरून हसत आणि घरी जाताना विचार करीत जात.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. पण त्याच वेळी त्याची फाळणीही झाली. पंजाबात आणि दिल्लीत माणसे माणसांच्या जिवावर उठली. अण्णाभाऊंनी ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ हा पोवाडा रचला व धर्माच्या नावाने चाललेल्या ह्या हत्येचा धिक्कार केला. त्यांच्या शेजारी उभे राहून गाणारे अमर शेख जन्माने मुसलमान होते, ही गोष्ट वेगळी सांगण्याची त्यांना गरजच पडली नाही. ऐकणाऱ्यांना ती दिसतच होती. ह्या फाळणीच्या खुणा आपल्या भागातही आहेत. युद्धकाळात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या. त्या ओस पडलेल्या बराकींत सिंधमधून आलेली हजारो निर्वासित कुटुंबे येऊन राहिली. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तुमच्यापैकी कोणी तेथे राहत असेल, तर त्याच्या पणजोबांनी सोडलेल्या घराची हकिकत त्याने घरात एकदा अवश्य विचारावी.

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. कम्युनिस्ट पक्षाशी ह्या मंडळींचा संबंध होता, आणि त्यांचे वग राज्यकर्त्यांना बोचत, हे त्याचे कारण. तमाशाकडेही सरकार त्या काळी वक्र दृष्टीने पाहत होते. अण्णाभाऊंनी आपल्या नाट्याला तमाशा हे नाव न देता ‘लोकनाट्य’ म्हटले. गोष्टी त्याच राहिल्या. नाव मात्र असे रुजले की आज मोठमोठे नाटककारही ते अभिमानाने वापरतात. इप्टाच्या अखिल भारतीय अध्यक्षपदाचा मानही त्यांना लाभला. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाला देशभरातील कलावंतांनी आपला प्रमुख निवडावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. मुंबईसह मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे म्हणून झालेल्या ह्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गोळीबारात बळी पडली. मुंबईतील हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक आहे. ह्या चळवळीत अण्णाभाऊंनी लिहिलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घरोघर पोहोचली. पोटासाठी मुंबईस आलेला एक कामगार गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढतो, एवढीच ती गोष्ट. पण ऐकता ऐकता कळते, की बेळगाव, कारवार, निपाणी हा मराठी मुलूखही त्या मैनेसारखाच मागे राहिला आहे. एका घरातील ताटातूट सांगून साऱ्या प्रांताची ताटातूट सांगण्याची ही हातोटी विलक्षण आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मैना मात्र गावावरच राहिली.

ह्याच काळात अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्याही लिहीत होते. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या तीसहून अधिक आहे. काही घाईने लिहिलेल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. पोटासाठी लिहिणाऱ्याला सवड कोठून मिळावी? पण १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी मराठीत आपले स्थान राखून आहे. बाळंतिणीच्या पदरात रुपये टाकणारा तोच हा फकिरा. सरकारदप्तरी जो दरोडेखोर होता, त्याची खरी हकिकत अण्णाभाऊंनी त्याच्या माणसांच्या बाजूने सांगितली, आणि ती कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. त्यांच्या साहित्याची भाषांतरे तेथे पूर्वीच झाली होती. परतल्यावर त्यांनी आपले प्रवासवर्णन लिहिले.

रशिया पाहून आलेला हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरातील आपल्या झोपडीत परत आला. तेथेच जमिनीवर बसून तो लिहीत असे. आसपास राहणारी माणसे, त्यांची भांडणे, त्यांची माया, त्यांची उपासमार हीच त्याच्या कथांची सामग्री. चित्रपटवाल्यांनी त्याच्या गोष्टी घेतल्या, प्रकाशकांनी त्याची पुस्तके विकली. घरात मात्र चणचण संपली नाही. अखेरच्या दिवसांत त्यांना गोरेगावला सरकारी वसाहतीत घर मिळाले. पण तोपर्यंत प्रकृती पार ढासळली होती. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले.

त्यांना निरोप देऊन सहा आठवडेच झाले होते. २९ ऑगस्टला बातमी आली की, शाहीर अमर शेख अपघातात गेले. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी डफ हाती घेऊन एकत्र उभ्या राहिलेल्या त्या तिघांतील दोघे एकाच पावसाळ्यात गेले.